एमएसच्या उपचारात एमआरआयची तुलना: संगणकाने मोजलेलं किती धरायचं?

सुरंगी | १४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी पाककृतींच्या विभागात असते, आज आरोग्य विभागात.

माझ्या धाकट्या भावाला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते आणि एमआरआयवर तिथे डाग दिसतात. वय ३४, राजापूर तालुक्यात शिक्षक. आधी एका डोळ्याने अंधुक दिसायला लागलं, ते बरं झालं, मग काही महिन्यांनी कमरेखाली मुंग्या आणि डाव्या पायात जोर नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये निदान झालं. स्टिरॉइडची सलाइनं झाली आणि जूनपासून दर सहा महिन्यांनी सलाइनमधून द्यायचं औषध सुरू झालं. औषधाबद्दल तक्रार नाही.

घोळ एमआरआयचा आहे. निदानाच्या वेळचा रत्नागिरीला काढला. नोव्हेंबरचा कोल्हापूरला, कारण अणुस्कुरा घाटातून आम्हाला तेच सोयीचं. आणि आत्ताचा मुंबईला, कारण न्यूरोलॉजिस्ट तिथले. रत्नागिरीच्या रिपोर्टमध्ये डाग ‘मल्टिपल’ एवढंच आहे. कोल्हापूरच्या रिपोर्टमध्ये ‘सुमारे १२ ते १४’. मुंबईच्या रिपोर्टला मात्र संगणकाने काढलेलं एक रंगीत पान जोडलंय. डाग २१, सगळ्या डागांचं मिळून आकारमान इतके मिलिलिटर, मेंदूचं आकारमान वयाच्या मानाने खालच्या पट्ट्यात, आणि लाल रंगातला आलेख.

भावाने ते पान बघितलं आणि जेवायलाच बसला नाही. १४ चे २१ म्हणजे औषध लागू पडत नाहीये, असंच ना? पण चालणं सुधारलंय, शाळेत रोज जातो, नवीन अटॅक (अचानक नवी लक्षणं उठणं) नाही. न्यूरोलॉजिस्टची वेळ जूनमधली आहे. तोवर हा कागद कसा वाचायचा ते कुणी सांगेल का?

---

खाडीपलीकडे | १४ मे, रात्री १०:२२

ताई, तो कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवा आणि जूनपर्यंत उघडू नका. ही रंगीत पानं आता सगळीकडे निघतात. माझ्या काकांना गुडघ्याच्या एमआरआयसोबतही असलंच काहीतरी मिळालं होतं. माणूस चालतोय की नाही ते बघायचं. संगणकाला काय कळतंय.

---

कातळशिल्प | १४ मे, रात्री ११:५०

मी रेडिओलॉजिस्ट आहे, मूळचा चिपळूणचा. भावाचे फोटो मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल निकाल देणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून एक गोष्ट खात्रीने सांगतो: २१ वजा १४ हे गणित इथे मांडताच येत नाही.

खाडीपलीकडे, ‘माणूस चालतोय ना’ हे एमएसमध्ये पुरत नाही. माणसाला जाणवणाऱ्या एका अटॅकमागे एमआरआयवर पाच ते दहा नवे डाग गुपचूप येऊन गेलेले असू शकतात. मेंदूचा बराचसा भाग असा आहे की तिथे डाग पडला तरी पाय अडखळत नाही. उलट मेंदूच्या देठात किंवा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत तांदळाएवढा डाग पडला तर माणूस आडवा होतो. म्हणून उपचार चालू असताना लक्षणं आणि एमआरआय दोन्ही बघावी लागतात.

आता सुरंगीताईंचा प्रश्न. डाग मोजणं वाटतं तेवढं सरळ नसतं. बऱ्याच ठिकाणी मेंदूचे काप ५ मिलिमीटर जाडीचे काढतात, आणि दोन कापांमध्ये थोडी जागा सोडतात. एमएसचा डाग धरायला किमान ३ मिलिमीटरचा असला तरी चालतो. तो दोन कापांच्या मध्ये सापडला तर दिसतच नाही, किंवा इतका पुसट दिसतो की कुणी मोजत नाही. कोल्हापूरला असे काप काढले असतील आणि मुंबईला फ्लेअर नावाचा सिक्वेन्स (डाग उठून दिसतील असे फोटो काढायची रीत) थ्रीडी पद्धतीने, १ मिलिमीटरचा काढला असेल, तर जुनेच डाग आता ‘जास्त’ दिसतील.

शिवाय ‘१२ ते १४’ हा डोळ्यांनी घेतलेला अंदाज आहे आणि २१ ही संगणकाची मोजणी. शेजारी शेजारी असलेले दोन डाग मी एक धरेन, संगणक दोन धरेल. पुढे ते वाढून एकमेकांना चिकटले तर आकडा कमी होईल आणि आजार वाढलेला असेल! त्यामुळे नुसत्या आकड्यापेक्षा ‘आधीच्या फोटोत जिथे काही नव्हतं तिथे आता काही आहे का’ हा प्रश्न महत्त्वाचा. त्याचं उत्तर दोन्ही स्कॅन शेजारी लावल्याशिवाय मिळत नाही.

दोन गोष्टी सांगा. मुंबईत काँट्रास्टचं इंजेक्शन दिलं होतं का, आणि रिपोर्टमध्ये त्याबद्दल काय लिहिलंय? आणि रत्नागिरी-कोल्हापूरच्या सीडी आहेत, की फक्त फिल्म?

---

सुरंगी | १५ मे, सकाळी ७:१५

डॉक्टर, खूप आभार. रात्री भावाला फोन करून हे वाचून दाखवलं.

काँट्रास्ट दिलं होतं. ‘नो एनहान्सिंग लीजन’ असं लिहिलंय. कोल्हापूरची सीडी आहे. रत्नागिरीची पण होती, पण गेल्या पावसात कपाटातच तिला बुरशी धरली, आता कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडत नाही. फिल्म आहेत. मुंबईला जाताना कोल्हापूरची सीडी नेली होती, पण काउंटरवर कुणी मागितली नाही.

---

पन्हं | १५ मे, सकाळी ८:०३

रोज सकाळी अनशापोटी दोन चमचे देशी गाईचं तूप, नाकात दोन थेंब. मेंदूचं आवरण तुपाचंच असतं. माझ्या ओळखीत एका बाईंचे डाग सहा महिन्यांत गेले.

---

कातळशिल्प | १५ मे, सकाळी ८:३०

पन्हं, तूप खा, वरण-भातावर छान लागतं. एमएसचे काही डाग आपोआपही लहान होतात, काही फोटोत दिसेनासे होतात. त्याचं श्रेय तुपाला देऊन कुणी औषध थांबवलं तर पुढचा अटॅक मोठा येऊ शकतो. या धाग्यावर हा विषय इथेच थांबवू या.

सुरंगीताई, ‘नो एनहान्सिंग’ (चकाकणारा डाग नाही) ही चांगली बातमी आहे. डाग ताजा असतो तेव्हा रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर तिथे फुटलेला असतो, काँट्रास्टमधलं गॅडोलिनियम त्यातून आत झिरपतं आणि डाग चकाकतो. साधारण काही आठवडे असं राहतं, मग थांबतं. म्हणजे स्कॅनच्या आधीच्या महिनाभरात तरी नवी जळजळ झालेली दिसत नाही. त्याआधीच्या पाच महिन्यांबद्दल काँट्रास्ट काहीही सांगत नाही. ते सांगेल कोल्हापूरची सीडी. ती जपा. आजच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि एक प्रत भावाकडे ठेवा.

आणखी एक. तुलना मार्चच्या स्कॅनशी करायचीच नाही. औषधाचा पूर्ण परिणाम व्हायला वेळ लागतो. मार्च ते ऑगस्टमध्ये पडलेला डाग हा औषधाचा पराभव नव्हे, औषधाने सूत्रं हाती घेण्याआधीचा तो हिशोब. म्हणून युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये एकत्र येऊन जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात उपचार सुरू झाल्यावर ३ ते ६ महिन्यांनी नवा पायाभूत स्कॅन काढा आणि पुढची तुलना त्याच्याशी करा, असं आहे. त्यानंतर साधारण वर्षाला एक. तुमचा नोव्हेंबरचा स्कॅन नेमका त्या खिडकीत बसतो. काप जाड असले तरी काळ बरोबर आहे.

---

तिरफळ | १५ मे, दुपारी १:१०

मी डॉक्टर नाही. देवगडचा, सध्या बंगळुरूत, आणि नोकरी वैद्यकीय प्रतिमांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची. त्या रंगीत पानामागे काय होतं ते लिहितो, कारण ‘संगणकाला काय कळतंय’ याचं उत्तर ‘काही गोष्टी फार चांगल्या कळतात, काही अजिबात नाही’ असं आहे.

पहिली अडचण अशी की एमआरआयच्या करड्या छटांना ठरलेलं माप नाही. सीटी स्कॅनमध्ये पाणी म्हणजे शून्य, हे जगातल्या प्रत्येक मशीनवर तसंच. एमआरआयमध्ये तसं नसतं. एकाच समुद्रकिनाऱ्याचे सकाळी आणि संध्याकाळी वेगवेगळ्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो समोर ठेवून वाळू किती गेली ते सांगायचं, असा हा प्रकार. म्हणून सॉफ्टवेअर आधी तयारीच पुष्कळ करतं. कवटी, डोळे, कातडी काढून टाकतं. फोटोत एका बाजूला उजेड जास्त आणि एका बाजूला कमी असतो, तो सारखा करतं. मग जुना आणि नवा मेंदू एकमेकांवर अचूक बसवतं. इथे एक नाजूक गोष्ट आहे: जुना फोटो हलवून नव्यावर बसवला तर हलवलेला फोटो किंचित धूसर होतो आणि तेवढ्यानेच फरक दिसायला लागतो. म्हणून ऑक्सफर्डमध्ये बनलेलं सिएना नावाचं सॉफ्टवेअर दोन्ही फोटो अर्धं अर्धं अंतर हलवतं, म्हणजे दोघेही सारखेच धूसर.

त्यानंतर वजाबाकी. जे दोन्हीकडे आहे ते नाहीसं होतं, नवा डाग उरतो. इथे संगणक माणसाच्या पुढे जातो. २१ डाग आणि दीडशे-दोनशे काप असतील तर थकलेल्या डोळ्यांना बाविसावा डाग हमखास निसटतो.

डाग ओळखायला हल्ली न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारे प्रोग्राम, वापरतात. त्यातल्या बहुतेकांची मूळ बांधणी २०१५ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला तयार झालेल्या यू-नेटची आहे. कुठे अडतं ते सांगतो. २०१६ मध्ये एक जाहीर स्पर्धा झाली होती. ५३ पेशंटांचे स्कॅन, प्रत्येकावर सात तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे डागांच्या कडा आखलेल्या. या सात जणांच्या एकमत आखणीच्या जवळ एकही प्रोग्राम पोचला नाही. गंमत म्हणजे ते सातही जण एकमेकांशी तंतोतंत जुळत नव्हते. त्यानंतर प्रोग्राम सुधारलेत, पण ज्या मशीनचे फोटो त्यांनी शिकताना पाहिलेले नसतात तिथे ते अजूनही गडबडतात.

म्हणून सुरंगीताई, त्या पानावर बघायचं ते हे: त्याला जुना स्कॅन दिला होता का? तुम्ही लिहिलंय की सीडी मागितली नाही. म्हणजे त्या पानाने फक्त एकाच दिवसाची मोजणी केलीय. तुलना झालेलीच नाही. ‘वाढलं’ हे त्या पानाने म्हटलेलं नाही, ते आपण डोक्यात केलेलं गणित आहे.

---

खाडीपलीकडे | १५ मे, दुपारी २:४५

बरं, हे पटलं. पण मग ‘मेंदूचं आकारमान खालच्या पट्ट्यात’ हे कशाला छापतात? ३४ वर्षांच्या पोराला सांगायचं की तुझा मेंदू लहान आहे! आणि हा पट्टा कुणाच्या मेंदूवरून काढलाय?

---

तिरफळ | १५ मे, दुपारी ३:३०

शेवटचा प्रश्न फार योग्य. असे पट्टे बहुतेक वेळा युरोप-अमेरिकेतल्या निरोगी लोकांच्या स्कॅनवरून काढलेले असतात. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये शंभर भारतीयांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा नकाशा केला, तेव्हा आपला मेंदू सरासरीने पाश्चात्त्यांपेक्षा लहान निघाला. लहान म्हणजे आजारी नव्हे. पण परका पट्टा लावला की निरोगी माणूसही खाली सरकतो. त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात संदर्भगट लिहिलेला असतो का बघा.

तरी ‘आकारमान मोजूच नका’ असं मी म्हणणार नाही. निरोगी तरुण माणसाचा मेंदू वर्षाला ०.१ ते ०.३ टक्के कमी होतो. उपचार नसलेल्या एमएसमध्ये हा वेग ०.५ पासून १.३ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. डाग थांबले तरी आत काही झिजतंय का, हे कळण्याचा दुसरा मार्ग आज फारसा नाही.

---

कातळशिल्प | १५ मे, रात्री ९:२०

तिरफळ, इथे माझं तुमच्याशी थोडं जमत नाही. संशोधनात शेकडो पेशंटांची सरासरी काढायला ही मोजणी उत्तम. एका माणसाच्या एका वर्षाच्या आकड्यावर मी औषध बदलायला सांगणार नाही.

कारण बघा. २००५ मध्ये जर्मन डॉक्टरांनी निरोगी लोकांना सोळा तास पाणी न देता स्कॅन केला, तर मेंदू सरासरी ०.५५ टक्के लहान भरला. पाणी प्यायल्यावर परत फुगला. म्हणजे एमएसची वर्षभराची झीज जेवढी, तेवढा फरक नुसत्या तहानेने! आता आपल्याकडचा पेशंट डोळ्यांसमोर आणा. मे महिना, रत्नागिरीहून कोकणकन्येला रात्री चढलाय, सकाळी सहाच्या आत मुंबई, काँट्रास्ट आहे म्हणून उपाशी या असं सांगितलेलं, प्रवासात सारखं जायला नको म्हणून पाणीही न प्यायलेला. (एमएसमध्ये लघवीची घाई हा मोठा त्रास असतो, त्यामुळे हे लोक प्रवासात पाणी टाळतातच.) दुपारी दोनला नंबर लागतो. त्याचा मेंदू ‘खालच्या पट्ट्यात’ आला तर नवल काय?

स्टिरॉइडनेही आकारमान तात्पुरतं उतरतं. आणि नवं औषध चांगलं लागू पडलं की पहिल्या वर्षी मेंदू लहान होतो, कारण जळजळीची सूज उतरते. औषध काम करतंय त्याची खूण, आणि कागदावर दिसते झीज. आमच्यात याला खोटी झीज म्हणतात. भावाचं औषध जूनमध्ये सुरू झालंय, तो नेमका याच काळात आहे.

---

तिरफळ | १५ मे, रात्री १०:०५

मान्य. एका वर्षाचा आकडा मीही धरणार नाही. पण त्याच मशीनवर, त्याच सेटिंगवर तीन-चार वर्षं सलग मोजलं आणि रेघ खालीच जात राहिली, तर ती रेघ टाकून देऊ नका एवढंच. ती रेघ मिळवायची तर सुरुवात आजच करावी लागते.

---

भरतीओहोटी | १६ मे, सकाळी ६:५०

सुरंगीबाय, मी मालवणचो. माका एमएस होऊन बरीच वर्सां झाली, आजून माझ्या पायान बाजारात जातंय. भावाक सांग, घाबरा नको. फुडचा प्रमाण मराठीत लिवतंय, नायतर पुण्याची मंडळी डिक्शनरी शोधूक लागतली.

मे महिन्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडचा हा उकाडा एमएसवाल्याचा वैरी. अंग तापलं की जुन्या डागाच्या जागेतून संदेश नीट जात नाही आणि जुनीच लक्षणं वर येतात. डोळ्याने अंधुक, पाय जड. गार पाण्याने आंघोळ केली, पंख्याखाली पडलं की तासाभरात उतरतं. उहटॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९० मध्ये हे लिहून ठेवलंय. तापातही असंच. आपल्याकडे पावसात लेप्टो, डेंग्यू, मलेरिया काही ना काही असतंच. ताप आला की मला वाटतं अटॅक आला.

एका मे महिन्यात माझा उजवा हात दोन दिवस गेल्यासारखा झाला. घरचे म्हणाले, चला, स्टिरॉइड लावून या. गोव्याच्या डॉक्टरांनी आधी लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला. तरी एमआरआय केला आणि जुन्याशी शेजारी लावून बघितला. नवीन काही नव्हतं. स्टिरॉइड वाचलं, अँटिबायोटिकवर काम झालं. जुना स्कॅन हाताशी नसता तर त्यांनाही ठरवता आलं नसतं. माझ्यासाठी तुलनेचा उपयोग हा. औषध फेल झालं हे शोधायला जितका, तितकाच फेल झालेलं नाही हे कळायला.

आणि दिव्यांग प्रमाणपत्राचं बघा. २०१६ च्या कायद्यात एमएस आहे. शिक्षक आहे म्हणता, पुढे बदलीच्या वेळी उपयोगी पडेल.

---

सुरंगी | १६ मे, रात्री ९:००

भरतीओहोटीदादा, तुमची पोस्ट भावाने स्वतः दोनदा वाचली. काल जेवला बरोबर.

त्या पानाच्या तळाशी बघितलं. ‘प्रायर स्टडी: नॉट अव्हेलेबल’ असं लिहिलंय! तिरफळ, तुमचं बरोबर निघालं. सीडीही उतरवली. त्यात काप ५ मिलिमीटरचेच आहेत.

आता जूनमध्ये डॉक्टरांना नेमकं काय विचारू? आणि दर वर्षी काँट्रास्ट घ्यायलाच लागतं का? त्याचा अंश मेंदूत राहतो असं कुठेतरी वाचलं.

---

कातळशिल्प | १६ मे, रात्री ११:१५

राहतो, हे खरं आहे. २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवून दिलं. जुन्या, लिनियर प्रकारच्या काँट्रास्टमध्ये हे जास्त, आणि २०१७ मध्ये युरोपात त्यातली बरीच बंद झाली. हल्ली जे मॅक्रोसायक्लिक प्रकारचं देतात त्यात प्रमाण बरंच कमी. या अंशाने मेंदूला इजा झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण गरज नसताना कशाला घ्या? चांगला जुना स्कॅन असेल आणि नवा त्याच पद्धतीने काढला असेल, तर वर्षभरातला नवा डाग काँट्रास्टशिवायही सापडतो. म्हणून नियमित तपासणीत ते सोडता येतं. निदानाच्या वेळी, किंवा तुलनेला जुनं काहीच नसेल तेव्हा मात्र हवं.

जूनमध्ये डॉक्टरांना म्हणा की कोल्हापूरची सीडी मुंबईच्या रेडिओलॉजिस्टकडे देऊन दोन्ही शेजारी लावून पुरवणी रिपोर्ट मिळेल का. त्यात नवे डाग किती, मोठे झालेले किती आणि ‘ठरवता येत नाही’ असे किती, हे वेगवेगळं लिहून मागा. हा तिसरा कप्पा फार महत्त्वाचा, जाड कापांमुळे काही डाग त्यातच पडतील. मग पुढचे सगळे स्कॅन कुठे काढायचे ते एकदाच ठरवा आणि तिथेच जा. थ्री टेस्लाचा (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाच्या ताकदीचं माप) हट्ट नको, दीड टेस्लाचं मशीन चालतं. चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ न लिहिता ‘एमएस फॉलोअप, थ्रीडी फ्लेअर, मागील स्कॅनशी तुलना’ असं लिहून घ्या. आणि पाण्याबद्दल केंद्राला आधी विचारा. काँट्रास्ट नसेल तर उपाशी राहायचं कारण उरत नाही.

---

तिरफळ | १७ मे, सकाळी १०:४०

घरी बघायचं असेल तर रेडिअँट किंवा मायक्रोडायकॉममध्ये सीडी उघडते. बघा जरूर, डाग मात्र मोजू नका. मोजणीची काही संशोधन सॉफ्टवेअर फुकट मिळतात, पण ती चालवून उपचार ठरवायचे नसतात.

जाता जाता, १९९३ मध्ये एमएसवरचं पहिलं इंटरफेरॉन प्रकारचं औषध अमेरिकेत मंजूर झालं, तेव्हा कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या गटाच्या एमआरआय मोजणीचा त्यात मोठा वाटा होता. आजच्यासारखं सॉफ्टवेअर नव्हतं, डागांच्या कडा माणसं हाताने आखत होती. तो धीर बघता २१ डाग काही सेकंदांत मोजणाऱ्या यंत्रावर मी रागावू शकत नाही.

---

सुरंगी | २२ जून, संध्याकाळी ६:३०

काल जाऊन आलो. पावसाने गाडी चार तास उशिरा, ते असो.

पुरवणी रिपोर्ट मिळाला. त्या २१ मधले बहुतेक कोल्हापूरच्या फोटोतही आहेत, काही पुसट. मोठा झालेला एकही नाही. दोन डाग ‘ठरवता येत नाही’ मध्ये, कारण कोल्हापूरला ती जागा दोन कापांच्या मध्ये येते. डॉक्टर म्हणाले, अटॅक नाही, तपासणीत पाय आधीपेक्षा चांगला, चकाकणारा डाग नाही, तेव्हा औषध तेच. मेचा स्कॅन आता पाया धरायचा, डिसेंबरमध्ये तिथेच, काँट्रास्टशिवाय. मेंदूच्या आकारमानाच्या ओळीवर त्यांनी पेनाने काट मारली आणि म्हणाले, दोन वर्षांनी बोलू.

---

सुरंगी | १९ डिसेंबर, रात्री ८:१०

डिसेंबरचा झाला. तेच मशीन, तीच सेटिंग, आदल्या दिवशीच जाऊन राहिलो, पाणी पिऊन. या वेळी काउंटरवरच मेचा स्कॅन त्यांच्या सिस्टिममध्ये जोडून घेतला. संगणकाने एक नवा डाग दाखवला, लाल गोल करून. पण रेडिओलॉजिस्टने खाली लिहिलंय की तो डाग नाही, मेंदूच्या मागच्या भागात वाहणाऱ्या पाण्याची छाया आहे, दुसऱ्या सिक्वेन्समध्ये तिथे काही दिसत नाही. बाकी नवीन शून्य.

तिरफळ, हे नेहमीचं आहे का?

---

तिरफळ | १९ डिसेंबर, रात्री ९:००

अगदी नेहमीचं. फ्लेअरमध्ये मागच्या भागात असं होतंच. प्रोग्रामचा कल एखादा डाग सुटण्यापेक्षा एखादा जास्त दाखवण्याकडे ठेवतात, आणि गाळायचं काम माणसावर सोडतात. गाळणारा माणूस तुम्हाला चांगला मिळालाय, तेच केंद्र धरून ठेवा.

---

कुळीथपिठी | २१ डिसेंबर, सकाळी ११:२५

उशिरा आले धाग्यावर. माझ्या जावेचं निदान नुकतंच झालंय, आम्ही सावंतवाडीला. तिचे डाग मानेतल्या मज्जारज्जूत जास्त आहेत. त्याचीही अशी संगणकाने तुलना होते का? दर वर्षी मेंदू आणि मान दोन्ही काढायचं का?

---

कातळशिल्प | २१ डिसेंबर, रात्री १०:३०

मज्जारज्जू बोटाएवढा जाड, श्वासाने आणि गिळण्याने हलणारा. तिथे संगणकाची मोजणी अजून रोजच्या वापरातली नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. सगळ्यांना दर वर्षी मान काढायला सांगत नाहीत. पण ज्यांचा आजार मुख्यतः तिथेच आहे, किंवा मेंदूच्या फोटोत कारण सापडत नाही आणि लक्षणं वाढतायत, त्यांच्यासाठी न्यूरोलॉजिस्ट मागवतात. जावेच्या बाबतीत डाग लांबलचक असतील, तर एनएमओ आणि मॉग या एमएससारख्याच दिसणाऱ्या आजारांच्या रक्ततपासण्या झाल्यात का तेही विचारा, कारण त्यांची औषधं वेगळी असतात आणि एमएसची काही औषधं एनएमओमध्ये त्रास वाढवतात. आणि औषध सुरू होण्याआधी थ्रीडी फ्लेअर झाला नसेल तर आत्ताच करून घ्या.

---

कुळीथपिठी | २२ डिसेंबर, सकाळी ७:४०

रक्त पाठवलंय, रिपोर्ट यायचाय. फ्लेअरचं आजच विचारते. सीडी पेनड्राइव्हवर घेतली.